गॅरेजमधली मंडळी

गॅरेज म्हटलं की आपल्याला स्टार्टअप आठवतं. पण ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये मंडळी जमली ती अल्टेअर ८८०० बघायला, एकमेकांना माहिती द्यायला. हाच होमब्रू कॉम्प्युटर क्लब! स्टीव्ह वॉझ्नियॅकने ॲपल-१ चे आराखडे तिथे फुकट वाटले. तिथेच अल्टेअर बेसिकच्या कागदी टेपच्या कॉप्याही फिरल्या, आणि १९७६ मध्ये बिल गेट्सने खुलं पत्र लिहून त्याला चक्क चोरी म्हटलं.

मला दोघंही पटतात, हीच पंचाईत! पगार कोड लिहून मिळतो, आणि अडलं की कुणा अनोळखी माणसाने फुकट लिहिलेलं उत्तरच कामी येतं. फरक एवढाच, वॉझ्नियॅकने स्वतःचं वाटलं, टेपवाल्यांनी दुसऱ्याचं.

असो. माझे दोन दिवस खाणाऱ्या बगचा तोडगा सोमवारी टीमला लिहून पाठवतो. तो तरी माझाच आहे!