साडेतीन हात जागा

मुलगा ओसाकात नोकरीला, म्हणून आमचे जपानला जाणे झाले. तिथून जवळच नारा, आठव्या शतकातली राजधानी. तिथे गेलेला माणूस आधी तोदाइजी मंदिरात जातो. आम्हीही गेलो. तिथल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी इ.स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. परक्या मुलखातल्या माणसाला मिळालेल्या या मानाचे आम्हाला अप्रूप वाटले.

पण मनात घर केले ते कबरींनी. शहराच्या पश्चिमेला सम्राट सुइनिन यांची मानली जाणारी कबर आहे. आकार कुलपाच्या भोकासारखा, लांबी सव्वादोनशे मीटर, सभोवती पाण्याचा खंदक. खंदकात एक चिमुकले बेट आहे. ती ताजिमामोरीची कबर, असे सांगतात. राजाने त्याला दूरदेशी दिव्य फळ आणायला पाठवले. तो परतला तेव्हा राजा वारला होता. कबरीपाशी रडत त्याने प्राण सोडला. हा ताजिमामोरी कोरियातून आलेल्या राजपुत्राचा वंशज. बाहेरून आलेल्याच्या वंशजाला राजाशेजारी माती मिळाली!

संध्याकाळी एका इझाकायात शिरलो. बाहेर लाल कंदील, आत आठ-दहा खुर्च्या. दारूच्या दुकानात मुसलमानांचे काय काम, असे कोणी विचारील. पण जपानी माणूस मोकळा होतो तो तिथेच. आम्ही ऊलाँग चहा आणि मीठ लावून भाजलेला मासा मागवला. बाकीच्या कालवणांत तांदळाची दारू घालतात, म्हणून ती टाळली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मुलामार्फत विचारले, "तुमच्यात मेलेल्याला पुरतात ना?" हो म्हटल्यावर ते हसले, "मग आमचे जुने सम्राट तुमच्यासारखेच!"

खरेच होते. दहन तिथे बौद्ध धर्माबरोबर रुजले. आज शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक जणांचे दहन होते. दीड लाखाहून अधिक प्राचीन कबरींच्या या देशात मुसलमानांची कब्रस्ताने मात्र मोजकीच. मय्यत दूरवर न्यावी लागते. ओइता प्रांतातल्या हिजी गावी जमिनीची बोलणी वर्षानुवर्षे चालली. पाणी दूषित होईल, ही शेजाऱ्यांची भीती. २०२४ साली जमीन देण्यास विरोध करणारा उमेदवारच तिथे महापौर झाला.

पण त्याच हिजीत ख्रिस्ती मठाने आपल्या दफनभूमीत मुसलमानांना जागा दिली. यामानाशी प्रांतात तर बौद्ध मंदिराच्या जमिनीवर मुसलमानांचे कब्रस्तान आहे.

मुलगा तिथेच स्थायिक व्हायचे म्हणतो. आम्ही अडवले नाही. एवढेच सांगितले, "घर घेताना शेजार बघशील, तसे कब्रस्तानही बघून ठेव."