आजीच्या डब्यातली नागली

गेल्या शनिवारी बोईसरला घरी गेलो होतो. आईने नागलीच्या भाकऱ्या केल्या होत्या. दोन रिचवल्यावर सहज विचारलं, "नागली कुठून आणलीस गं?"

"अरे, आजीच्या डब्यातली. आता कोण पेरणार होतं? दळून आणली."

घास घशातच अडकला!

आजी जव्हारकडची. दर वर्षी चांगली कणसं निवडून बियाणं डब्यात ठेवायची. ती गेली, वरकस पडीक राहिलं. बाबांची तारापूर एमआयडीसीत शिफ्ट, मी सॉफ्टवेअरमध्ये. डबा तेवढा उरला होता.

तिकडे ढवळपेरी, पितरबेंद्री, दसरबेंद्री अशी नागलीची नावं आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा प्रायमरी की नसलेला डेटाबेस. एकाच वाणाला दोन गावांत दोन नावं असू शकतात, नाहीतर एका नावाखाली दोन वाणं. मग डुप्लिकेट ओळखायचे कसे?

इथे जनुकीय मार्कर कामाला येतात. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एका वाणात दहा वेळा, दुसऱ्यात चौदा वेळा. तेवढाच तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि जेलवर पळवायचा. लहान तुकडा पुढे पळतो. अशा बऱ्याच जागा तपासल्या की कोण कोणाचा भाऊबंद ते कळतं, आणि कुठलं वाण आधी जपायला हवं तेही. नागली मूळची आफ्रिकेतली. मार्करनी पाहिलं तर विविधताही तिकडच्याच वाणांत जास्त दिसते. 2017 साली भारतातल्या शास्त्रज्ञांनी तिचा जीनोमही प्रसिद्ध केला.

गंमत म्हणजे पिठातूनही डीएनए काढता येतो. म्हणजे आजीची नागली कुठली, हे अजूनही कळू शकेल. पण पीठ काही पेरता येत नाही ना...

असो. डबा उलटा करून ठोकला तर कडेच्या खाचेतून एकवीस दाणे निघाले. ओल्या फडक्यात बांधून ठेवले. आज आठ दिवस झाले, एकालाच मोड आलाय.

नागलीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा धरतं, त्यामुळे एका रोपावरही वंश चालेल. पण आजीने वर्षानुवर्षं निवडलेल्या त्या डब्यात एकच वाण होतं की सरमिसळ, कुणास ठाऊक. जे काही होतं, त्यातला एकच दाणा आता पुढे जाणार.

आईने कुंडी दिली आहे. उरलेल्या पिठाचा डबा मात्र मी कपाटात लपवून ठेवलाय :)