वजनाची रेषा

‘मूर्ती लहान, पण कीर्ती महान’ ही म्हण खाशाबा जाधवांबद्दल फार वेळा वापरली जाते. अलीकडे ती मला बोचते. कीर्ती मिळाली, म्हणून लहान चण माफ, असा तिचा सूर आहे. ज्यांना कीर्ती मिळत नाही, त्या लहान मूर्तींबद्दल ती गप्प राहते.

खाशाबांना तरी ती लागू पडते का? गोळेश्वरचे हे मल्ल 1948 साली लंडनला फ्लायवेट गटात लढले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत 57 किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तरीही अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. शिवाय त्या मॅटवर त्यांची मूर्ती लहान नव्हतीच, कारण समोरचेही त्याच वजनाचे होते. वजनगटाचं मोठेपण मला तिथेच दिसतं. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा मात्र जड गटातल्या मल्लांच्याच खांद्यावर जाते.

व्हिडिओ गेमनी दुसरी वाट काढली. 1992 च्या ‘सुपर मारिओ कार्ट’ या शर्यतीच्या खेळात हलकी-जड पात्रं एकाच रस्त्यावर धावतात. जडजूड बाउझरला वेग घ्यायला वेळ लागतो, पण एकदा घेतला की तो आवरत नाही. छोटा टोड वळणं सहज घेतो, पण सरळ रस्त्यावर मागे पडतो. प्रत्येकाला काही दिलं, काही काढून घेतलं. संगणकात तर हलकेपणा हाच गुण. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ ही अख्खी प्रणाली 50 एमबीत बसवली होती, जुन्या यंत्रांनाही पेलावी म्हणून. तिच्यातून जे वगळलं, ते कुणाला दुखलं नाही.

शरीरातून वगळलेलं दुखतं. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट 50 किलो गटात उतरली. तिचा नेहमीचा 53 किलोचा गट तिला मिळाला नव्हता आणि ऑलिंपिकमध्ये महिलांना गट सहाच. पहिल्या दिवशी तिनं आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर अजिंक्य असलेल्या युई सुसाकीला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. मग दुसऱ्या सकाळच्या वजनासाठी रात्रभर व्यायाम, पाणी बंद, केससुद्धा कापले. सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरले. ती बाद झाली, क्रमवारीत थेट शेवटची. आदल्या संध्याकाळी वजन घेण्याची जुनी पद्धत 2018 पासून बदलली होती. मल्लांनी अंग इतकं सुकवू नये म्हणूनच आता लढतीच्या दोन्ही सकाळी वजन होतं.

म्हणजे हलक्यांच्या रक्षणासाठी आखलेला गट माणसाला आणखी हलकं व्हायला लावतो, आणि त्याला आवर घालणारा नियमही कुणाचा तरी घास घेतो. गट वाढवले, तरी प्रत्येक रेषेपलीकडे शंभर ग्रॅमवर कुणीतरी उभं असणारच. रेषाच नको, असं खाशाबांचं पदक आठवल्यावर म्हणवत नाही. ती हवीच, असंही आता पूर्वीच्या ठामपणानं म्हणता येत नाही.