पाते हाताने फिरविताना

विमान म्हटले की लोकांना उड्डाण आठवते. परंतु ज्याने उमेदीची वर्षे डकोटाच्या इंजिनांवर घालविली, त्या माझ्यासारख्या मेकॅनिकाला आठवते ते हँगरसमोर निश्चल उभे असलेले विमान, कारण आमच्या कामाची कसोटी स्टार्टरला हात लावण्यापूर्वीच लागत असे.

डकोटाच्या दोन्ही पंखांवर प्रॅट अँड व्हिटनीचे ‘ट्विन वास्प’ इंजिन असते: सात-सात सिलिंडरांची दोन वर्तुळे, १८३० घन इंचांचे आकारमान आणि सुमारे १२०० अश्वशक्ती. या वर्तुळाकार रचनेमुळे प्रत्येक सिलिंडराला वारा लागतो. पण तिच्यामुळेच तळाचे सिलिंडर डोके खाली करून लोंबत राहतात, आणि इंजिन काही तास उभे राहिले की पिस्टनच्या रिंगांवरून झिरपणारे ऑइल त्यांत साठते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणून अशा वेळी स्टार्टरचा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुर्दैव असे की तो पुष्कळदा त्या दिवशी मोडत नाही, तर किंचित वाकलेल्या स्थितीत चालत राहून पुढे केव्हातरी भर आकाशात दगा देतो.

यासाठी शिरस्ता असा की, मॅग्नेटोचे स्विच बंद असल्याची रुजुवात करून घ्यावी आणि प्रोपेलरचे एकेक पाते चालत्या दिशेने हातानेच फिरवावे. दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध मऊ असतो, तो थोडा रेटतो आणि मग वाट देतो. ऑइलचा अडथळा मात्र भिंतीसारखा एकाएकी येतो. अशा वेळी पाते उलट फिरविले तर ते तत्काळ मोकळे होते, आणि हाच मोठा मोह, कारण ऑइल इन्टेक पाइपात जाऊन बसते व इंजिन सुरू होताच पुन्हा आत ओढले जाते. खालचे स्पार्क प्लग काढून ऑइल गळू देणे, हा एकच प्रामाणिक उपाय. त्याला वेळ लागतो, आणि प्रस्थानाची घटिका भरत आलेली असताना तो वेळ मागून घेण्याचे धैर्य मी या व्यवसायातील सर्वश्रेष्ठ गुण मानतो.

ऑइलच्या गाळणीचेही असेच. तीत सापडलेला काळा कण नखाखाली चुरडला तर तो कार्बन. न चुरडणारा, चुंबकाला चिकटणारा कण पोलादाचा. आणि चकाकणारा पण न चिकटणारा असेल तर पिस्टन वा बेअरिंग झिजत असल्याची ती कैफियत समजावी. तळाशी ऑइल साठण्याची अडचण मात्र एकट्या डकोटाची नव्हती. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी आखलेले, १९५१ साली प्रथम उडालेले एचटी-२ हे विमान तर उलट्या टांगलेल्या चार सिलिंडरांवर चाले. तेथेही ऑइलचे भय होतेच.

आमच्या विदर्भाला डकोटाच्या इंजिनांचा निकटचा सहवास लाभला. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपाल-विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपूर्वी परतीच्या वाटेला लागत. देशाचे पत्र दुसऱ्या दिवशी पोहोचे, त्याच्या श्रेयाचा मोठा वाटा रात्री कंदील-विजेरीच्या उजेडात इंजिने तपासणाऱ्या अनामिकांचा आहे, असे मला मनापासून वाटते.

आता माझा मुक्काम चिचगडला, देवरी तालुक्याच्या अरण्यमय भागात आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेल्या विमानतळावर, नवे वैमानिक शिकत आहेत. आणि २०१८ साली ‘परशुराम’ नावाचे, जीर्णोद्धार केलेले डकोटा वायुसेनेत दाखल झाले, म्हणजे ही विद्या केवळ इतिहासजमा झालेली नाही. हाताला कळणारा तो विरोध पुस्तकात पुरता उतरत नाही. मात्र जुन्या फिटरांनी आपल्या वह्यांत त्याच्या बारीक खुणा टिपून ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, आणि लिहिणारे हयात असतील तर एखाद्या तरुण मेकॅनिकाला त्यांच्याजवळ बसवावे.