नातवाच्या गाण्याचे परीक्षण

उतारवयात माणसाला प्रश्न पुष्कळ विचारले जातात. परंतु ते बहुधा ‘गोळी घेतलीत का?’ एवढेच. मत क्वचितच विचारले जाते. म्हणूनच सावेडीच्या आमच्या घरी नातवाने ‘टेट्रिस’ या व्हिडिओ गेमच्या संगीताचे स्वतः केलेले हिपहॉप रिमिक्स ऐकवून “आजोबा, खरे सांगा, दहापैकी किती?” असे विचारले, तेव्हा मी सावरून बसलो.

1989 साली ‘गेम बॉय’मुळे जगभर पोहोचलेली ही धून मुळात एकोणिसाव्या शतकातील रशियन लोकगीताची. म्हणजे पहिले रिमिक्स तेव्हाच झाले होते! भजनाच्या नव्या चालीला लावावी तीच कसोटी मी लावली : मूळ चाल ओळखू येते का, ठेका तिला पेलतो का, नवे काही गवसते का?

खर्जाच्या ठोक्यांत वरचे स्वर मात्र मला अंधूक लागत होते. वयोमानाने बहुधा उंच स्वरांचे श्रवणच आधी मंदावते. म्हणून आवाज न वाढवता खर्ज कमी करवला, धून उजळली. आठ गुण दिले आणि दोन का कापले, तेही सांगितले.

वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी औषधाबरोबर त्यांचे मतही विचारावे. वडीलधाऱ्यांनीही केवळ ‘छान’ म्हणून सुटका करून घेऊ नये.