१९४७ क्रमांकाचा पोर्ट

धरमपेठेतलं आर्किटेक्टचं ऑफिस असो की सीताबर्डीवरचा छपाईवाला, नेटवर्क तपासायला बसलो की स्कॅनच्या यादीत हा आकडा बऱ्याचदा भेटतो. ८० आणि ४४३ वेबचे, ९१०० प्रिंटरचा. ही मंडळी ओळखीची. १९४७ दिसला की मालक बिचकतो. "भाऊ, हे काऊन उघडं आहे? कोण्या पोट्ट्यानं मस्करी केली का?" एकाला तर हा कोणा देशभक्त हॅकरचाच उद्योग वाटला होता.

उद्योग असतो डोंगलचा. महागडं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत यूएसबीची एक चावी येते. ती लावलेली नसेल तर प्रोग्राम उघडत नाही. अशा चाव्यांमधलं जुनं नाव हॅस्प, इस्रायलच्या अलादीन कंपनीचं. पुढे अलादीन सेफनेटमध्ये गेली, सेफनेट जेमाल्टोत आणि जेमाल्टो २०१९ मध्ये थेल्समध्ये. मालक बदलले, हॅस्पला सेन्टिनेलचं नाव मिळालं, तरी पोर्ट तोच राहिला. जगभरच्या पोर्टांची नोंदवही ठेवणाऱ्या आयानाकडे १९४७ हा सेन्टिनेलच्याच नावावर आहे.

पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. १०२४ ते ४९१५१ हे नोंदणीचे आकडे. तिथं कोणताही प्रोग्राम कोणाला न विचारता बसू शकतो, कुलूप नसतं. आपल्या टॅलीचंच बघा. इतवारीत, गांधीबागेत दुकानोदुकानी चालणाऱ्या टॅलीचा लायसन्स सर्व्हर ठरलेला म्हणून ९९९९ वापरतो. नोंदवहीत तो आकडा 'डिस्टिंक्ट' नावाच्या भलत्याच कशावर तरी आहे. टॅलीचं काही अडत नाही. म्हणून मी नोंदवहीवर विसंबत नाही. नेटस्टॅट चालवतो, पोर्टसमोरचा प्रोसेस क्रमांक टिपतो, टास्क मॅनेजरमध्ये तो शोधतो. तिथं हॅस्पएलएमएस दिसलं आणि फाइल आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये असली, की पुढचं बोलणं.

पुढचं बोलणं सहसा तक्रारीचं असतं. एका ऑफिसात खालच्या मजल्यावर सगळं सुरळीत, वरच्या मजल्यावर मात्र 'की नॉट फाउंड', एच०००७. चावी खालच्या सर्व्हरला लावलेली, तिचा दिवाही लागलेला. सॉफ्टवेअर विकणारा म्हणे चावी बदला, आणि चावीचा भाव ऐकून मालकाला भर मे महिन्यात कूलरसमोर घाम फुटला. चावी ठणठणीत होती. वरच्या मजल्याला नवा राउटर बसवून वेगळं नेटवर्क केलेलं होतं. प्रोग्राम यूडीपीवर सगळ्यांना एकदम विचारतो, 'लायसन्स कोणाकडे आहे?' ही हाक आपल्याच नेटवर्कात फिरते. राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणजे प्रश्न पोचतच नव्हता, उत्तर कुठून येणार?

उपाय साधा. वरच्या मशीनवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पुढे विसर्गासारखं दिसणारं चिन्ह (:), पुढे १९४७ लिहायचं. सेन्टिनेलचं कंट्रोल सेंटर उघडतं. कॉन्फिगरेशनमध्ये दूरच्या लायसन्स मॅनेजरचा टॅब आहे, तिथल्या चौकटीत सर्व्हरचा आयपी टाकायचा. मग हाक मारायची गरजच उरत नाही, थेट जाऊन विचारता येतं. दोन नेटवर्कांमध्ये १९४७ ला वाट द्यायची, आणि सर्व्हरच्या फायरवॉलवरही. हे पान पहिल्यांदा बघितल्यावर मालक लोक हटकून 'सेशन्स'वर क्लिक करतात, कारण कोणत्या मशीननं लायसन्स धरून ठेवलंय ते तिथं दिसतं. त्यावरून जी भांडणं होतात त्यात मी पडत नाही.

लायसन्सवाला पोर्ट म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. कॅस्परस्कीच्या संशोधकांनी २०१८ च्या जानेवारीत सेन्टिनेलच्या सॉफ्टवेअरमधल्या १४ त्रुटी जाहीर केल्या. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटलं: ड्रायव्हर बसताना १९४७ विंडोजच्या फायरवॉलमध्ये सवलतीच्या यादीत जातो, आणि चावी काढून खिशात घातली तरी तिथंच राहतो. सॉफ्टवेअर कधीच सोडलेलं, चावी ड्रॉवरमध्ये, पोर्ट मात्र उघडाच, अशी मशीन मी पुष्कळ बघितली आहेत. तिथं आधी ड्रायव्हर काढतो. सॉफ्टवेअर वापरात असेल तर ड्रायव्हर अद्ययावत करतो.

आणि वर्ध्याला बसलेल्या ड्राफ्ट्समनला लायसन्स मिळावं म्हणून राउटरवर १९४७ थेट इंटरनेटला जोडून द्या, असं कोणी म्हटलं तर मी करत नाही. त्याला व्हीपीएन लावून देतो. त्याचे पैसे वेगळे पडतात, ते मी आधीच सांगून ठेवतो.