हवेत गेलं किती, परत आलं किती!

हल्ली आमच्या घरी कुणीही आलं की चहाच्या आधी त्याच्यापुढे एक काळी डबी येते. इस्त्रीवाला सुटला नाही, सोसायटीचे सेक्रेटरी सुटले नाहीत. नणंदेला तर मी कामालाच लावलं. "मी बटण दाबते, तू फक्त आकडा मोठ्यानं वाच." तिनं वाचलं, "एक पूर्णांक अठरा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे चांगलं की वाईट?"

अगं, चांगलं काय विचारतेस! पाचपैकी जवळजवळ पाचही वॅट पुढे अँटेनाकडे गेले, परत आले ते शंभरातला एक हिस्साही नाही! नणंदबाईंनी मान डोलावली आणि चहा मागितला. पण तुम्ही वाचताय, म्हणजे तुम्हाला सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही.

ही डबी म्हणजे डिजिटल पॉवर आणि एसडब्ल्यूआर मीटर. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या टेबलावर रेडिओच्या शेजारी असतो तो. मला लायसन्स मिळून फार दिवस झाले नाहीत. व्हीयू३ ने सुरू होणारा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा कॉलसाइन, हातात पाच वॅटचा हँडसेट, एवढाच माझा संसार. तोवर अँटेना हा माझ्या दृष्टीनं श्रद्धेचा विषय होता. बटण दाबायचं, लाल दिवा लागला की लहरी निघाल्या असं समजायचं. कुणी उत्तर दिलं तर अँटेना चांगला, नाही दिलं तर आपलं नशीब. आणि मग ही डबी आली. दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट. एकात रेडिओची केबल, दुसऱ्यात अँटेनाची. बटण दाबताच पडद्यावर आकडे: किती वॅट गेले, किती वॅट माघारी आले आणि एसडब्ल्यूआर किती. माघारी! म्हणजे पाठवलेलं काही परत येतं, आणि ते मोजता येतं!

झालंय काय, की रेडिओ ५० ओहमचा, केबल ५० ओहमची. अँटेनाही ५० ओहमचा निघाला तर आलेली सगळी शक्ती तो घेतो. नाही निघाला तर थोडी तिथूनच उलट फिरते. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं झटकलं, की लाट गजापर्यंत जाऊन परत हाताशी येते ना, तसंच. जाणारी आणि येणारी लाट केबलमध्ये एकमेकींत मिसळतात, आणि केबलवर काही जागी व्होल्टेज कायम चढं, काही जागी कायम उतरतं राहतं. त्या सगळ्यात चढ्या आणि सगळ्यात उतरत्या व्होल्टेजचं गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर, स्टँडिंग वेव्ह रेशो. काहीच परत आलं नाही तर तो १. दीड असेल तर ४ टक्के शक्ती परतते, २ ला ११ टक्के, ३ ला २५. शंभर वॅटच्या रेडिओला ३ म्हणजे पंचवीस वॅट दारातून परत! बरेच आधुनिक रेडिओ अशा वेळी स्वतःला वाचवायला आपली पॉवर आपणच कमी करतात.

असेच चढ-उतार शोधायला शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झनं १८८८ च्या सुमारास कार्ल्सरुहेला भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून लहरी परतवल्या होत्या. मग तारेची कडी हातात घेऊन तो अंधारात हिंडला, ठिणगी कुठे मोठी पडते आणि कुठे पडतच नाही हे डोळे ताणून बघत. जगात रेडिओ लहरी आहेत हे ज्या प्रयोगांनी पटलं, त्यांतलाच हा. आणि मी? मी सोफ्यावर बसून दोन दशांश स्थळांपर्यंत वाचते!

पण माझी झोप उडवली ती वेगळ्याच प्रश्नानं. केबल एक. तिच्यात जाणारी लाट आणि येणारी लाट एकाच वेळी, एकाच तारेवर. मग डबीला कसं कळतं कुठली कुठली? आमच्या क्लबातल्या काकांनी (वय ऐंशीच्या घरात, सोल्डरिंगला हात अजून स्थिर) त्यांच्या एका एचएफ (माझ्या बँडपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीच्या) मीटरचं झाकणच उघडून दाखवलं. आत फेराइटची अंगठीएवढी कडी, तिच्या मधून मुख्य तार गेलेली, कडीवर बारीक तारेचे वेढे. कडी सांगते करंट किती, शेजारचे कपॅसिटर सांगतात व्होल्टेज किती. जाणाऱ्या लाटेत ही दोन्ही एका तालात असतात, परतणाऱ्या लाटेत करंट उलटा होतो. मग दोन्ही नमुन्यांची बेरीज केली की नुसती जाणारी उरते, वजाबाकी केली की नुसती येणारी! बेरीज आणि वजाबाकी! चौथीतलं गणित तांब्याच्या तारेत बसवलंय कुणीतरी. माझ्या व्हीएचएफच्या डबीत कडीऐवजी सर्किट बोर्डावर छापलेल्या समांतर पट्ट्या हेच काम करतात. पुढचं सोपं, डायोड त्याचं डीसी करतो आणि एक चिप भागाकार करून पडद्यावर टाकते.

हे कळल्यावर विकतच्या अँटेनावर समाधान मानणं शक्यच नव्हतं. पुण्यात राहून इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची तपकीर गल्ली हाकेवर असताना तर नाहीच. एक एसओ-२३९ सॉकेट, पितळी सळ्या, चार नट-बोल्ट, बस. मधली सळी उभी, चार सळ्या खाली आडव्या, झाला टू-मीटर बँडचा ग्राउंड प्लेन. आपल्याकडे हा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. ७१.२५ ला मेगाहर्ट्झनं भागलं की पाव तरंगलांबीच्या सळीची लांबी मीटरमध्ये मिळते, १४५ ला ४९ सेंटिमीटर. पण कापताना लांब ठेवायची, कारण कापता येतं, वाढवता येत नाही. मी ५२ ठेवली.

आणि गच्चीवर खरी गंमत सुरू झाली. आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना हे ऐकायचं, आपला कॉलसाइन सांगायचा, पॉवर एक वॅटवर आणायची, अँटेनापासून लांब व्हायचं आणि बटण दाबायचं. बँडच्या खालच्या टोकाला २.२. मध्ये २.३. वरच्या टोकाला २.५. वर जाताना आकडा चढतोय, म्हणजे सळी लांब आहे! उलटं असतं तर आखूड. तीन आकड्यांत अँटेना स्वतःच सांगतो, मला काप म्हणून. पक्कड घेतली, अर्धा सेंटिमीटर उडवला, पुन्हा बटण. आकडा उतरला. पुन्हा पक्कड. पुन्हा उतरला. खालच्या मजल्यावरच्या काकू वाळवणं उचलायला आल्या होत्या, त्या कुरडयांचं ताट हातात धरून उभ्याच राहिल्या. "कितीवर आला गं?" दीडवर आला आणि हटेना. कापून उपयोग नाही, कारण आता तिन्ही जागी सारखाच होता.

तेव्हा आठवलं, आडव्या सळ्यांचा असा अँटेना ५० ओहमच्या बराच खाली असतो आणि सळ्या खाली झुकवल्या की वर चढतो. चारही सळ्या हातानं छत्रीसारख्या खाली वाकवल्या, साधारण पंचेचाळीस अंशांत. लांब झाले, बटण दाबलं.

१.१८!

काही कापलं नाही, काही जोडलं नाही, नुसता कोन बदलला! काकूंनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. मग मी पाण्याची टाकी, लोखंडी जिना, माझी स्वतःची सावली, सगळं तपासत बसले. अँटेना जिन्याच्या रेलिंगजवळ नेला की आकडा चढतो. माणूस जवळ गेला की हलतो. आजूबाजूचं धातूचं सामान आणि माणसंसुद्धा अँटेनाचाच भाग असतात हे पुस्तकात वाचलं होतं, इथे डोळ्यांसमोर घडत होतं.

दुसरी मेजवानी क्लबातल्या काकांच्या शॅकवर, म्हणजे त्यांच्या रेडिओच्या खोलीत. त्यांच्याकडे शंभर वॅटचा एचएफ रेडिओ, चाळीस मीटर बँडवर इन्व्हर्टेड व्ही अँटेना. माझ्या हँडसेटवर एफएम, त्यामुळे मी बोलले काय आणि गप्प राहिले काय, मीटरवर तेवढेच वॅट. काका एसएसबीवर. त्यांनी बटण दाबलं आणि काहीच बोलले नाहीत. पडद्यावर शून्य! मी म्हटलं, बिघडला. ते हसले आणि "सीक्यू, सीक्यू" अशी सगळ्यांना हाक सुरू केली. आकडा कारंज्यासारखा उसळायला लागला. आवाज नसेल तर पॉवरच नाही! प्रत्येक अक्षराला वेगळा आकडा. सरासरी दाखवणाऱ्या मीटरवर तो वीस-तीसच्या आसपास घुटमळतो आणि नवखा माणूस समजतो की रेडिओ अधू आहे. पीईपी, म्हणजे शिखर पकडणारा पर्याय लावला की तोच शंभराला टेकतो. डिजिटल मीटर घ्यायचा तो यासाठी, असं माझं मत झालं.

काकांचं मत वेगळं. त्यांच्या जुन्या मीटरला एकाच काचेत दोन काटे, एक जाणाऱ्याचा, एक येणाऱ्याचा. दोघे जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या रेघेवर एसडब्ल्यूआर वाचायचा. कुठलंही बटण नाही, बॅटरी नाही. अँटेना ट्यूनर फिरवताना काटा पडतो की चढतो हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. आकडे मात्र लुकलुकत राहतात, वाचेपर्यंत बदलतात. हे त्यांचं म्हणणं मला पटलं, कबूल. ट्यून करायला काटा, वहीत लिहायला आकडे. घरात दोन्ही असावेत (हे वाक्य आमच्या घरी अजून कुणी वाचलेलं नाही).

त्यांनीच मग मला एक कोडं घातलं. टेबलावरच्या एका पंखेदार डब्याला मीटर जोडला, बटण दाबलं, एसडब्ल्यूआर १.०. "बघ, जगातला सर्वोत्तम अँटेना." तो डमी लोड होता. ५० ओहमचा जाडजूड रेझिस्टर, आलेल्या सगळ्या शक्तीची उष्णता करणारा. खोलीबाहेर ऐकू जाईल असं त्यातून जवळपास काहीच निघत नाही. म्हणजे मीटर सांगतो परत किती आलं ते. हवेत किती गेलं ते सांगत नाही!

याहून भारी आहे केबलचा हिशोब. बारीक आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण २० डेसिबल खाते. गच्चीपासून टेबलापर्यंत वीस मीटर धरली तर ४ डेसिबल गेले, म्हणजे पाच वॅटचे वर पोचले दोनच. परतणारी लाटही त्याच केबलमधून झिजत खाली येते. त्यामुळे वर एसडब्ल्यूआर २ असेल तर खाली टेबलावर दिसतो १.३! आणि वरचा अँटेना वाऱ्यानं पार निखळून पडला असेल, तरी खाली २.३ च्या आसपासच. केबल जितकी वाईट तितका आकडा गोजिरा! म्हणून माझी डबी आता पहिल्यांदा गच्चीवर अँटेनाच्या पायथ्याशी लागते, मग टेबलावर. दोन्ही आकड्यांतला फरक केबलची तब्येत सांगतो. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तेही आधी इथेच दिसतं, म्हणून सांध्यावर रबरी टेप आणि वहीत तारीख घालून आकडा.

वेड लागतं हे खरं. काही जण १.१८ चा १.०५ करायला आठवडे घालवतात. दीडला परतणारी ४ टक्के शक्ती म्हणजे डेसिबलचा पाचवा हिस्साही नाही, समोरच्याच्या कानाला तो फरक कळणार नाही. काकांचा नियम असा: दीडच्या खाली आला की पक्कड खाली ठेव आणि बोलायला लाग. कारण अँटेना बोलण्यासाठी आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन लावून होते आणि अंदमानातून बातम्या बाहेर येऊ लागल्या. अशा वेळी झाडावर तार फेकून अँटेना करावा लागतो. तो रेडिओला जोडण्याजोगा आहे की नाही हे एका नजरेत सांगणारं काही हवं, आणि ते ही डबी सांगते.

लायसन्सच्या परीक्षेला बसणार असाल किंवा नुकतं हातात पडलं असेल, तर जास्त वॅटच्या रेडिओचे पैसे आधी मीटरवर घाला. घेताना एकच गोष्ट पाहा: तो कुठल्या फ्रिक्वेन्सीसाठी आहे. एचएफचे स्वस्त मीटर बहुधा १.८ ते ५० मेगाहर्ट्झचे असतात आणि १४५ वर त्यांचा आकडा धरू नये. टू-मीटरवर बोलायचं असेल तर व्हीएचएफचाच मागा, आणि केबल आरजी-५८ पेक्षा जाड.